पंधरा आकड्यांचा गुडघा

“...मग गुडघा उशिरा का आवळतो?” मुजावर सरांनी विचारलं.

“तेच कळत नाही सर.”

“कळत नाही हे सांगायला एवढी टेकडी चढून आलास?”

ऋषभ आवटीने लॅपटॉपची पिशवी टेबलावर ठेवली.

हा सगळा प्रसंग मला ऋषभनेच सांगितला. त्यात त्याची जी फजिती आहे तीही त्यानेच सांगितली. मी पदरचं काही घातलेलं नाही, आणि त्याने काही लपवलं असेल असं मला वाटत नाही.

मुजावर सरांनी बत्तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. निवृत्त झाल्यावर घराण्याची सेवा म्हणून ते गावाबाहेरच्या टेकडीवर, दर्ग्यात येऊन राहिले. सकाळी झाडलोट, ऊद, चादरी. दुपारी मागच्या ओसरीवर टेबल मांडून बसायचं. पंचक्रोशीतले रेडिओ, पंपांचे स्टार्टर, म्हाताऱ्यांची कानाची यंत्रं तिथे येतात. अधूनमधून जुने विद्यार्थीही येतात. विद्यार्थी दुरुस्त व्हायला जरा जास्त वेळ घेतात, असं सरांचं म्हणणं.

त्या बुधवारी ऋषभबरोबर शालन कांबळे आल्या होत्या. त्यांच्या डाव्या मांडीला ऋषभने बनवलेला पाय होता.

शालनताई गावच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. एकशे चाळीस पोरांची. चुलीची खोली वर, पोरं जेवायला बसतात ती शेड खाली, आणि मध्ये सात पायऱ्या. भरलेलं पातेलं दोन्ही हातांत धरून त्या सात पायऱ्या उतरणं हेच त्यांचं मुख्य काम, असं त्या म्हणायच्या. शिजवायला काय, कुणालाही येतं.

दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेला. तेव्हापासून त्या शेडमध्ये बसून कांदे सोलून देत होत्या. पातेलं दुसरंच कोणी उतरवायचं, आणि त्या बघायच्या. मोठ्या बाईंनी त्यांची जागा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत धरून ठेवली होती. आता सुट्टी संपत आली होती.

ऋषभने बनवलेल्या पायाच्या गुडघ्यात एक छोटा प्रोसेसर होता. पाय किती वाकलाय, त्यावर किती भार आलाय, हे तो सेकंदाला शंभर वेळा मोजायचा. टाच टेकली की त्याने गुडघा आवळायचा, म्हणजे माणूस खाली कोसळत नाही. सपाट जमिनीवर पाय उत्तम चालत होता. पायऱ्या उतरताना मात्र मध्येच कधीतरी उशीर व्हायचा.

उशीर तरी केवढा? सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. तेवढ्या उशिराने शालनताई मागच्या आठवड्यात दवाखान्याच्या जिन्यावर पडल्या. हनुवटीला चार टाके पडले.

डॉक्टरांनी सांगितलं, शुक्रवारी शेवटची तपासणी. पुन्हा पडल्या तर हा प्रयोग बंद करायचा आणि त्यांना साधा, न वाकणारा पाय द्यायचा. त्या पायावर चालता येतं. भरलेलं पातेलं घेऊन पायऱ्या उतरता येत नाहीत.

“आधी कुठला प्रोसेसर होता?” सरांनी विचारलं.

“आधीच्याला दशांशाचं गणित येत नव्हतं सर. फक्त पूर्णांक. म्हणून मी स्वतः गणिताच्या प्रोग्रॅमची लायब्ररी लिहिली. तिच्यामुळे तो दशांशाची प्रत्येक बेरीज, प्रत्येक गुणाकार पूर्णांकांचे तुकडे करून करायचा. आठ महिने लागले.”

“बरं.”

“पंधरा आकड्यांपर्यंत अचूक आहे.”

“नाव काय ठेवलंस तिचं?”

ऋषभ जरा लाजला. “सूक्ष्म.”

“नाव छान आहे,” सर म्हणाले. “मग?”

“मग ताई पडल्यावर लगेच हा नवा प्रोसेसर बसवला. यात दशांशाचं गणित करायला वेगळा भागच आहे. फ्लोटिंग पॉइंट युनिट. हार्डवेअरमध्येच. तो मी चालू केलाय, पुस्तकात दिलंय अगदी तसा. तरी वेळ पूर्वीइतकाच लागतोय. मला वाटतं, ह्या चिपचा तो भागच खराब आहे.”

“म्हणजे चिप खराब आहे आणि लायब्ररी चांगली आहे.”

“मी तसं नाही म्हणालो सर.”

“तू नाही म्हणालास. मी म्हणालो.”

गुडघ्याच्या बाजूला एक बारीक लाल दिवा होता. या कामातली माणसं असा एखादा दिवा लावून ठेवतातच. गणित सुरू झालं की दिवा लागतो, संपलं की विझतो. प्रोसेसरला किती काम पडतंय आणि किती सवड मिळतेय, ते डोळ्यांना दिसतं. ऋषभचा दिवा लागलेला होता तो लागलेलाच होता.

शालनताईंना तो दिवा आवडायचा.

“मला त्येच्याकडं बगून बरं वाटतं बाबा,” त्या म्हणाल्या. “कवाबी बगा, आपला जळतोय इमानानं.”

“त्याला दम खायला सवड नाही, शालन,” सर म्हणाले.

मग ऋषभकडे वळले. “दाखव.”

ऋषभने लॅपटॉप उघडून कोड दाखवला. नीटनेटका होता. शेजारी टिपा होत्या, टिपांना तारखा होत्या.

सरांनी तो वाचलाच नाही. “हे तू लिहिलंस. यंत्राला काय पोचलं ते दाखव.”

कंपायलर आपण लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो आणि त्याची एक लांबलचक यादी तयार करतो. ती यादी ऋषभने आठ महिन्यांत एकदाही उघडली नव्हती. कोण उघडतं? आपण लिहिलेलं आपल्याला माहीत असतं, असं प्रत्येकालाच वाटतं.

ती शोधून उघडायला त्याला पाच मिनिटं लागली. सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत खाली सरकू लागले.

“इथं गुणाकार आहे. कोणाला हाक मारलीय?”

“सूक्ष्मला.”

“इथं?”

“सूक्ष्मला.”

“आणि इथं?”

“...सूक्ष्मला.”

असं सतरा वेळा झालं. सतरा वेळा तेच उत्तर, आणि दर वेळी ऋषभचा आवाज थोडा बारीक.

“आता त्या नव्या भागाला मारलेली हाक दाखव.”

ऋषभने यादी खालपर्यंत नेली. वर आणली. पुन्हा खाली नेली.

“नाहीये सर.”

“एकदाही?”

“एकदाही नाही. पण तो चालू आहे सर. मी चालू केलाय.”

“आहे की चालू,” सर म्हणाले. “आठवडाभर दारात उभा आहे बिचारा. तू त्याला ‘ये’ म्हणालाच नाहीस.”

ऋषभचा चेहरा पडला. सरांनी तो पाहिला आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“आमच्या पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटरमध्ये मुख्य चिपशेजारी एक सॉकेट रिकामं असायचं. गणिताची वेगळी चिप विकत आणायची आणि त्यात बसवायची. ती मिळावी म्हणून मी सात पत्रं लिहिली होती. आली. बसवली. हार घातला.”

“मग?”

“मग दीड वर्ष मी सगळ्यांना सांगत होतो, बघा, वेग किती वाढलाय.”

“वाढला होता?”

“आमचे प्रोग्रॅम जुनेच होते. एकही तिला विचारत नव्हता. ते मला कळलं तेव्हा तिच्यावरची धूळ मी दीड वर्ष रोज पुसली होती.”

शालनताई तोंडाला पदर लावून हसल्या. ऋषभही हसला. हसल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्या जिन्यानंतर आपण आज पहिल्यांदा हसतोय.

“पुढं काय करायचं ते तुला ठाऊक आहे,” सर म्हणाले.

ठाऊक होतं. सूक्ष्म काढून टाकायची आणि गणित थेट हार्डवेअरकडे द्यायचं. पाच मिनिटांचं काम.

ऋषभचे हात कीबोर्डवर गेले आणि तिथेच राहिले.

“सर, हार्डवेअर सात आकड्यांपर्यंतच अचूक आहे.”

“हं.”

“सूक्ष्म पंधरापर्यंत जाते.”

“हं.”

“हा माणसाचा पाय आहे सर. ह्यांचा पाय आहे. अचूकपणात मी तडजोड नाही करणार. ते मला पटणार नाही.”

ऋषभ हे फार छान बोलला. गर्व असा छान बोलायला लागला की तो ओळखू येत नाही, निदान ज्याचा त्याला तरी.

सरांनी वाद घातला नाही. टेबलाच्या खणातून एक लाकडी फूटपट्टी काढून त्याच्या हातात दिली. मग सदऱ्याच्या खिशातून खडूचा तुकडा काढला. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात खडू असतो.

ओसरीवरून मागच्या अंगणात नऊ दगडी पायऱ्या उतरतात. खाली चिंचेचं झाड आहे.

“वरून तिसरी पायरी मोज,” सर म्हणाले. “तिची उंची सांग.”

ऋषभ भिंतीच्या कडेने उकिडवा बसला आणि पट्टी लावली.

“अठरा सेंटिमीटर.”

सरांनी ओसरीच्या फरशीवर लिहिलं, अठरा.

“तीन मिलिमीटर.”

त्यांनी पॉइंट देऊन तीन लिहिला.

“पुढं?”

“पुढं पट्टीवर रेघ नाही सर.”

“नजरेनं सांग.”

“...पाच धरा.”

त्यांनी पाच लिहिला. आणि खडू पाचाच्या पुढे फरशीला टेकवून तसेच बसून राहिले.

“पुढं?”

...

“सर, पुढचे नाही सांगता येणार.”

“पंधरातले चार झाले. अकरा राहिलेत. मला काही घाई नाही.”

खडू जागचा हलला नाही. ऋषभने पट्टीकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं. पट्टी थोडी दाबून धरली, जणू तिच्यातून आणखी काही निघणार होतं.

शालनताई खांबाला टेकून हे सगळं बघत होत्या. त्यांनी मान वाकडी केली.

“बाबा, रागावू नगा,” त्या म्हणाल्या. “ती पायरी चिंचंकडच्या अंगाला बुटकी हाय. मगाशी वर येताना कळलं मला. दादांनी भिताडाकडनं मोजलीया.”

ऋषभ सरकला आणि दुसऱ्या कडेला पट्टी लावली.

सतरा सेंटिमीटर, सहा मिलिमीटर.

कितीतरी वर्षांची माणसं त्या कडेने चढली-उतरली होती. दगड झिजला होता.

ऋषभने तो आकडा मोठ्याने सांगितला नाही. सरांनीही विचारला नाही. खडू होता तिथेच होता.

...

“मला लाज वाटायला हवी होती,” ऋषभ मला पुढे म्हणाला. “पण खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. गुडघ्यातला सेन्सर अर्ध्या अंशाच्या आत काही सांगूच शकत नाही. पुढचे सगळे आकडे माझे मीच तयार करत होतो, आणि मीच जिवापाड सांभाळत होतो. आठ महिने. ते कोणाचेच नव्हते रे. कोणी मोजलेलेच नव्हते.”

तो पायरीवरून उठला आणि लॅपटॉपपाशी आला. सूक्ष्म काढली. सगळे आकडे सातांत बसवले. कंपायलरला सांगितलं, दशांशाचं काम हार्डवेअरकडे दे. शालनताईंनी पाय स्टुलावर ठेवला, त्याने गुडघ्याला वायर जोडली आणि नवा प्रोग्रॅम आत घातला.

तिघांनी दिव्याकडे पाहिलं.

दिवा पहिल्यासारखाच लागलेला.

ऋषभने वेळ पाहिली. एका खेपेचं गणित दहा मिलिसेकंदांत संपायला हवं होतं. आधी बारा लागायचे. आता अकरा लागत होते.

“बघा,” तो म्हणाला, “म्हणजे चिपच...” आणि पुढचं गिळलं.

“काय मागं ठेवलंस?” सरांनी विचारलं.

“काही नाही सर. सगळं सातावर आणलं.”

“सगळं?”

...

“एक आकडा पंधरावरच ठेवलाय. एकच.”

“कुठला?”

“ताईंच्या चालीचा. दोन आठवडे मी ह्यांना चालायला लावून मोजमाप घेतलं होतं. त्यातून काढलेला आकडा आहे. त्यानेच सगळं गुणायचं असतं.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ओळीतला एक आकडा लांब, म्हणजे पंधरा अंकी, असला की कंपायलर त्या ओळीतल्या बाकीच्यांनाही लांब करून घेतो. आणि हे हार्डवेअर लांब आकड्यांना हात लावत नाही. मग ते काम कंपायलर पुन्हा जुन्याच संथ वाटेने, पूर्णांकांचे तुकडे करून उरकतो. ऋषभचा हा लाडका आकडा जवळजवळ प्रत्येक ओळीत होता. हे नियम त्याला पाठ होते. तरी तो एक आकडा त्याने ठेवला होता, कारण एकाने काय होतंय.

“पाठ आहे का तो?” सरांनी विचारलं.

“हो.”

“म्हण.”

ऋषभने म्हटला. “शून्य पॉइंट आठ सात तीन एक चार शून्य सहा, नऊ दोन दोन पाच, एक आठ सात सहा.” पाढा म्हणावा तसा, न अडखळता.

सर डोळे मिटून ऐकत होते.

“सुंदर. आता सातावर थांबून म्हण.”

“शून्य पॉइंट आठ सात तीन एक चार शून्य...” ऋषभ थांबला. “...सात.”

“सहा होता ना?”

“पुढं नऊ आहे सर. तो सोडला की सहाचा सात होतो.”

“बरं झालं. त्या नवाचंही काहीतरी झालं.”

पुढचं म्हणायला ऋषभचं तोंड अजून उघडंच होतं. ते त्याने मिटलं. आकडा कोडमध्ये लिहिला, पुन्हा कंपाइल केलं, पुन्हा वायर जोडली.

आणि दिवा गेला.

“मेला,” ऋषभ म्हणाला. “सर, बोर्ड उडाला.”

“आता वो?” शालनताईंचा हात हनुवटीकडे गेला, टाक्यांवर. “आता शुक्रवारचं कसं करायचं?”

सर उठले. स्टुलासमोर बसले आणि दोन्ही तळहातांनी दिव्याला आडोसा केला, वाऱ्यात काडी पेटवताना करतात तसा. “इथून बघ.”

ऋषभने सरांच्या बोटांच्या फटीतून पाहिलं. आत अंधारात, आहे की नाही असा, दिवा लाल होता.

“चालू आहे,” सर म्हणाले. “काम उरकून बसलाय.”

ऋषभने वेळ पाहिली. शून्य पॉइंट चार मिलिसेकंद. त्याने पडदा पुसला आणि परत पाहिलं. शून्य पॉइंट चार.

शालनताईंना मात्र हे पटलं नव्हतं.

“बाबा, दिवा न्हाई तर मी त्या पायावर उतरू कशी?”

“मागच्या आठवड्यात पडलीस तेव्हा दिवा होता?”

“व्हता.”

“चांगला लागलेला होता?”

“लखलखीत व्हता.”

शालनताईंनी स्टुलावरचा पाय खाली घेतला. थोडा वेळ त्या नुसत्याच त्याच्याकडे बघत बसल्या.

“मंग चला,” त्या म्हणाल्या.

पायऱ्यांपाशी आल्यावर सरांनी ऋषभला थांबवलं. त्याच्या काखेत लॅपटॉप होता.

“मागच्या वेळी तू कुठं होतास?”

“वर. लॅपटॉपपाशी. आकडे बघत होतो.”

“तो इथं ठेव. तू हिच्या पुढं, एक पायरी खाली उभा राहा.”

ऋषभने लॅपटॉप फरशीवर ठेवला. शालनताईंच्या समोर, एक पायरी खाली, दोन्ही हात पसरून उभा राहिला. आठ महिन्यांत हा पाय चालताना त्याने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

शालनताईंनी एका हाताची बोटं भिंतीला लावली. डावा पाय खाली टाकला.

टाच टेकली. गुडघा आवळला.

उजवा पाय. पुन्हा डावा. गुडघा आवळला.

ऋषभ त्या गुडघ्यावर नजर ठेवून एकेक पायरी मागे उतरत होता. तिसरी पायरी गेली, ती बुटक्या अंगाची. पाचवी गेली. सहाव्या पायरीला शालनताईंनी भिंतीवरची बोटं काढून घेतली. नऊ पायऱ्या झाल्या आणि अंगणातली माती लागली.

शालनताई वळल्या आणि पुन्हा वर चढू लागल्या. चढताना त्या घाई करत होत्या.

ओसरीच्या कडेला दर्ग्याचं पाण्याने भरलेलं जर्मनचं पातेलं होतं. त्या वाकल्या आणि दोन्ही हातांनी ते उचललं.

“ताई, एवढ्यात नको,” ऋषभ खालून म्हणाला.

“हात रिकामं ठिऊन उतरायला मला ह्यो पाय कशाला पायजे, दादा?”

सर वाटेतून बाजूला झाले.

शालनताई उतरू लागल्या. ऋषभ पुन्हा हात पसरून उलटा उतरत होता. दुसऱ्या पायरीवर पाणी डचमळून थोडं सांडलं. चौथ्या पायरीवर त्या थांबल्या.

“दादा, जरा बाजूला व्हा. पुढचं दिसंना.”

ऋषभ बाजूला झाला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि त्या त्याच्या शेजारून खाली गेल्या. पाचवी, सहावी, सातवी. शाळेच्या सात झाल्या. आठवी, नववी. त्यांनी पातेलं चिंचेच्या बुंध्याशी ठेवलं आणि कंबर सरळ केली.

“आता खाली बघितलंच न्हाई मी,” त्या म्हणाल्या. “चिंचंकडं बघत व्हते आपली... बाबा, मी खाली बघितलंच न्हाई.”

आणि त्या रडायला लागल्या. हसतही होत्या, त्यामुळे हनुवटीचे टाके ओढत होते आणि त्या एका हाताने हनुवटी धरून होत्या.

ऋषभ होता तिथेच पायरीवर बसला. शुक्रवारची तपासणी आता नुसती तपासणी उरली होती. गेले सात दिवस डोळे मिटले की त्याला तो जिना दिसायचा. आता त्याने डोळे मिटून पाहिले, तर काहीच दिसलं नाही. इतकं हलकं आपल्याला कधी वाटलं होतं, ते त्याला आठवेना.

सरांनी आतून तीन कप चहा आणला. शालनताईंनी तो उभ्यानेच प्यायला. बसायचं नाव नको होतं त्यांना. कप ठेवून त्यांनी पातेलं उचललं आणि वर चढल्या, पुन्हा उतरल्या, पुन्हा चढल्या. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी थांबवतही नव्हतं.

माणसाला हलकं वाटलं की तो फार वेळ तसा राहत नाही. चहा संपेपर्यंत ऋषभने लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला होता.

“सर.”

“हं.”

“शून्य पॉइंट चार. म्हणजे दहातले साडेनऊच्या वर मिलिसेकंद तो आता नुसता रिकामा बसतो. दर खेपेला.”

“बरं.”

“पुष्कळ वेळ झाला हा सर. यात काय काय करता येईल. पुढच्या पायरीचा आधीच अंदाज घेता येईल. चालीचा आलेख ठेवता येईल. नाहीतर...” तो भरभर बोलत होता. “तुम्ही सांगा ना. उरलेल्या वेळात त्याने काय करायचं?”

शालनताई तेव्हा पाचव्या पायरीवर थांबल्या होत्या. पातेलं त्यांनी कमरेवर घेतलं होतं, आणि खाली अंगणात कुणाची तरी शेळी आडवी बसली होती तिच्याकडे त्या बघत होत्या. शेळीला उठायची घाई नव्हती. त्यांनाही नव्हती.

सरांनीही जरा वेळ तिकडे पाहिलं.

...

“पुढचं पाऊल पडायची वाट बघायची.”